सोवळ्यातला हिशेब

शुद्ध या शब्दाची मला लहानपणापासून धास्ती आहे. शाळेत शुद्धलेखनानं आमची बोटं सोलली, आणि पुढं नोकरीनिमित्त पुण्याला आल्यावर 'शुद्ध तुपातले' अशी पाटी लावणाऱ्या दुकानांनी खिसा सोलला. 'शुद्ध शाकाहारी' ही अक्षरं वाचली की गल्ल्यावरचा माणूस आपल्याकडे संशयानं पाहतो आहे असं मला वाटू लागतं. शुद्ध हवेच्या ठिकाणी गेलो की पहिल्याच रात्री सर्दी होते. एकूण काय, ज्या वस्तूला आधी शुद्ध म्हणून बजावावं लागतं ती वस्तू महाग असते, आणि तिच्या आसपास कुणीतरी 'अहो, शिवू नका' म्हणून ओरडायला बसलेलं असतं. त्यामुळं माझा भाचा जेव्हा मोठ्या अभिमानानं म्हणाला, "मामा, माझी सगळी फंक्शन्स शुद्ध आहेत," तेव्हा मी नकळत दोन पावलं मागं सरकलो.

आता फंक्शन म्हणजे आमच्या पिढीला हॉल, रुखवत आणि पंगत एवढंच ठाऊक. फार तर सत्यनारायण. शाळेच्या गणितात त्याला फलन म्हणत, पण त्याचं फळ मार्कांच्या रूपानं आमच्या पदरात कधी पडलं नाही. भाचा संगणकवाला आहे. पुण्यात कुठल्याशा कंपनीत बसून तो परदेशातल्या लोकांचे प्रोग्रॅम लिहितो, आणि दिवाळीला घरी आला की विश्रांती म्हणून स्वतःच्या वडिलांचे प्रोग्रॅम लिहितो.

हे सगळं घडलं आसेगावला. वऱ्हाडात आसेगाव एक नाही, चांगली दोन-तीन आहेत. नावावर विसंबून पत्र टाकलं तर ते सगळ्या आसेगावांची यात्रा करून येतं. आमच्या ताईचं आसेगाव वाशिम जिल्ह्यातलं, मंगरूळपीर तालुक्यातलं. वाशिम हा स्वतंत्र जिल्हा १ जुलै १९९८ ला झाला, त्याआधी हा सगळा मुलूख अकोल्याच्या पदराखाली होता, आणि आमच्या भाऊजींच्या बोलण्यात तो अजूनही पूर्णपणे बाहेर आलेला नाही. सोयाबीन, तूर, कापूस ही इथली पिकं. भाऊजींचं कृषी सेवा केंद्र आहे. मृगाच्या आधी बियाणं आणि खत उधार न्यायचं, सोयाबीन विकलं की दिवाळीच्या आगेमागे पैसे आणून द्यायचे, हा इथला शिरस्ता. तो सांभाळायला भाऊजींची लाल बासनातली वही, तिच्या मधोमध एक उभी घडी, घडीच्या डाव्या बाजूला जमा आणि उजव्या बाजूला नावे. या वहीला भाऊजींच्या खेरीज कुणी हात लावत नसे. ती फोनवर आणायची असं भाच्यानं ठरवलं आणि धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशी माडीवर ठाण मांडलं.

चार दिवस झाले तरी पडद्यावर काही येईना. पांढरा चौकोन आणि त्यात मुंगीएवढी इंग्रजी अक्षरं. भाऊजी दुकान बंद करून वर येत, चष्मा पुसत, पाहत, आणि खाली येऊन मला म्हणत, "चार दिस झाले बा, अन् पडद्यावर माशीबी नाही बसली. ह्याले पगार कशाचा भेटते?" भाच्याचं उत्तर ठरलेलं. तो आधी गाभा रचतो आहे. वेब ॲप्लिकेशनचे दोन भाग करायचे: आत गाभा, बाहेर कवच. गाभ्यात फक्त हिशेब आणि नियम. त्यात डेटाबेस नाही, इंटरनेट नाही, पडदा नाही, एसेमेस नाही. हे सगळं कवचात. गाभ्यातली फंक्शन्स शुद्ध, म्हणजे तीच माहिती दिली की दरवेळी तेच उत्तर देणारी, आणि उत्तर देण्यापलीकडे जगात कशालाही न शिवणारी.

"गाभा नाही रे, गाभारा म्हण," मी म्हणालो. तो हसला, पण पुढचे दोन दिवस तो स्वतःच गाभारा म्हणू लागला. मामाच्या विनोदाला भाच्यानं दिलेली ही पावती मी जपून ठेवली आहे.

या शुद्धतेची कसोटी मोठी कडक. उधारीला किती दिवस झाले हे सांगणारं एक फंक्शन त्यानं मला दाखवलं. मी विचारलं, "मग आज किती दिवस झाले?" तर म्हणे, आज कोणती तारीख हे त्या फंक्शनला ठाऊक नसतं. घड्याळाकडं पाहणं निषिद्ध! कारण घड्याळ आज एक सांगतं, उद्या दुसरं सांगतं; त्याच्यावर विसंबलं की तेच विचारून वेगळं उत्तर येणार, म्हणजे विटाळ झाला. तारीख बाहेरच्या कवचानं पाहायची आणि लांबूनच आत सांगायची. मला एकदम आमच्या आजीची आठवण झाली. आमचं मूळ घर कारंज्याचं. आजी सोवळ्यात असली की धाबळी नेसून स्वयंपाकघरात, आणि आम्ही पोरं उंबऱ्याबाहेर. आतून आवाज यायचा, "आज तिथी कोणती रे?" आम्ही कालनिर्णय पाहून ओरडून सांगायचो. कॅलेंडर खिळ्यावर ओवळ्यात, आजी चुलीपाशी सोवळ्यात, आणि मधल्या हवेतून फक्त चतुर्थी आत जायची. हास्केल नावाची भाषा शिकायला लोक मोठाली पुस्तकं वाचतात म्हणे. आमच्या आजीला ती घटकाभरात आली असती.

दुसरी अट म्हणजे एकदा लिहिलेली किंमत बदलायची नाही. साधारण प्रोग्रॅमात सर्रास असं लिहितात की क्ष बरोबर क्ष अधिक एक. हे वाक्य आमच्या बीजगणिताच्या मास्तरांसमोर कुणी फळ्यावर लिहिलं असतं तर त्याचा क्ष झाला असता. दोन्ही बाजूंचा क्ष खोडला तर शून्य बरोबर एक उरतं हो! पण संगणकाचं सगळं दुकान वर्षानुवर्षं याच वाक्यावर चाललं आहे, कारण तिथं क्ष म्हणजे एक खोका. त्यातलं जुनं काढून टाकायचं नि नवं भरायचं. जुनं कुठं गेलं हे कुणी विचारायचं नाही. या खोकेवाल्यांच्या विरुद्ध पहिल्यापासून एक सोवळा पंथ होता. त्याचा मूळपुरुष अलोंझो चर्च. यानं १९३० नंतरच्या काही वर्षांत, आजच्या अर्थानं संगणक व्हायच्या आधीच, निव्वळ फंक्शनांचं एक गणित मांडून ठेवलं. १९५८ साली जॉन मॅकार्थीनं लिस्प नावाची भाषा काढली ती या घराण्यातली. हास्केल हे नाव हास्केल करी या तर्कशास्त्रज्ञाचं. एक चर्च आणि एक करी, एवढ्या सामग्रीवर सबंध धर्म उभा आहे. आणि यातली खरी चटका लावणारी गोष्ट जॉन बॅकसची. यानं आणि त्याच्या सहकाऱ्यांनी फोरट्रान ही खोकेवाल्यांची थोरली भाषा बनवली, ती १९५७ साली जगापुढं आली. वीस वर्षांनी, १९७७ साली, त्याला ट्युरिंग पारितोषिक मिळालं. हारतुरे स्वीकारून घरी जायचं की नाही? तर या गृहस्थानं त्याच व्यासपीठावरून, या जुन्या धाटणीतून प्रोग्रॅमिंगची सुटका होईल का, असा सवाल टाकला आणि फंक्शनांचा मार्ग सुचवला. सत्काराच्या भाषणात स्वतःच्याच हयातभराच्या कामाची उलटतपासणी घेणारा माणूस आपल्याकडे पाहायला मिळणं कठीण. आपल्याकडे सत्कारमूर्ती फक्त वेळेची उलटतपासणी करतात.

आता गंमत अशी, की पूर्ण शुद्ध प्रोग्रॅम काहीच करत नाही. ही निंदा या पंथाचे लोक स्वतःच करतात. काही छापायचं नाही, कुठं साठवायचं नाही, कुणाला कळवायचं नाही, म्हटल्यावर यंत्र नुसतं आतल्या आत तापत बसणार. म्हणून कवच लागतं. कवच गिऱ्हाइकाची विनंती घेतं, डेटाबेसातून जुन्या नोंदी काढतं, तारीख पाहतं आणि हे सगळं नैवेद्यासारखं गाभाऱ्यात ठेवतं. गाभारा विचार करतो आणि निर्णय बाहेर देतो: 'ही नोंद घालावी, याला एसेमेस पाठवावा.' पाठवत मात्र नाही. पाठवायचं कवचानं. नेटवर्क नसलं, वीज गेली, नंबर चुकीचा निघाला, तर शिव्या कवचानं खायच्या. गाभाऱ्याच्या निर्णयात खोट नसतेच.

इथं मला थोडं अस्वस्थ वाटलं, आणि ते मी भाच्याला सांगितलंही. आजीचं सोवळं मी पाहिलं होतं. ते चोख होतं, त्यात दांभिकता नव्हती. उंच वलणीवर काठीनं वाळत घातलेलं वस्त्र काठीनंच काढून नेसायची ती. पण ते सोवळं टिकावं म्हणून घरातली निम्मी माणसं ओवळ्यात वावरत. दळण कुणी आणायचं, रॉकेलच्या रांगेत कुणी उभं राहायचं, आणि मागच्या बोळातून पहाटे येऊन जो माणूस घाण उचलून न्यायचा त्याचं नाव तर घरात कुणाला माहीतच नव्हतं. ज्याच्या जिवावर सगळं आळं स्वच्छ, तोच सगळ्यांत अस्पर्श. तो धंदा बंद करणारा कायदा आला १९९३ साली, आणि अधिक कडक कायदा २०१३ साली यावा लागला, यावरून या शुद्धतेची मुळं किती खोल गेली होती ते समजावं. तेव्हा कुणी शुद्धतेचा हिशेब दाखवू लागला की 'घाण कुणाकडं ढकललीस?' हा प्रश्न मला आधी सुचतो.

भाच्यानं हे शांतपणे ऐकून घेतलं. म्हणाला, "मामा, फरक आहे. आजी कवचाला कमी लेखायची. मी उलट कवच लहान ठेवतो, म्हणजे त्याच्यावर भार कमी. आणि ते उघड ठेवतो. कुठला हात कशाला लागला हे नाव घालून लिहिलेलं असतं." उत्तर हुशारीचं होतं. पटलं का? पाऊणएक. उरलेलं पाव अजून माझ्याकडे आहे.

त्याच्या दुसऱ्या अटीवर मात्र मी त्याला चीत करायच्या तयारीत होतो. जुन्या किमतीत बदल करणं याला ही मंडळी म्युटेशन म्हणतात, आणि म्युटेशन म्हणजे या धर्मातलं महापातक. मी म्हटलं, अरे, आपल्या महसूल खात्यानं म्युटेशनची अख्खी वही ठेवली आहे! इंग्रज साहेब ज्याला म्युटेशन म्हणत तेच आपलं फेरफार. गाव नमुना सहा. शेत विकलं, बाप वारला, भावाभावांत वाटण्या झाल्या, बँकेचा बोजा चढला, की फेरफार. पण वाद घालता घालता मीच अडखळलो. वारसाची नोंद करायला मी स्वतः ज्यांना आपण पिढ्यान्पिढ्या तलाठी म्हणत आलो त्यांच्यापुढं बसलेला आहे, त्यामुळं ती रीत डोळ्यांपुढं उभी राहिली. फेरफाराच्या वहीत काही फिरवत नाहीत! तिथं खाली एक नवी नोंद घालतात, पुढचा नंबर टाकून. मग हितसंबंधितांना नोटीस, हरकतीला पंधरा दिवस, मंडळ अधिकाऱ्यानं प्रमाणित करायचं, आणि मग त्याचा अंमल सातबाऱ्यावर. सातबाऱ्यावरही जुन्या धन्याचं नाव खरवडून काढत नसत. त्याला कंस करत. आजोबा गेले तरी कंसात राहत. शेजारी फेरफाराचा नंबर, म्हणजे कुणाला शंका आली तर त्यानं मागं मागं जात मूळ नोंदीपर्यंत पोचावं.

भाच्याचे डोळे चमकले. "मामा, हेच! सातबारा म्हणजे सत्य नव्हे, सत्य म्हणजे फेरफारांची रांग. सातबारा हे त्या रांगेवरून काढलेलं आजचं उत्तर." बाबांच्या उधारीचंही त्यानं असंच केलं होतं. शिल्लक म्हणून आकडा कुठंच साठवायचा नाही. आरंभीची बाकी घ्यायची आणि पहिल्या नोंदीपासून शेवटच्या नोंदीपर्यंत एकेक धरून जमा वजा, नावे अधिक, असं चालत यायचं. चुकीची नोंद झाली तर खोडायची नाही, उलट नोंद घालायची. मला चीत करायला निघालेला मीच त्याला मुद्दा पुरवून आलो. नाहीतरी मामाचा तो धर्मच आहे.

कॉलेजात जाणाऱ्या दोन पोरांना हाताशी धरून त्यानं माळ्यावरच्या सात वर्षांच्या वह्या संगणकात भरल्या आणि पाडव्याच्या संध्याकाळी गाभारा पहिल्यांदा चालवला. फरशी पुसल्यासारखी स्वच्छ यादी आली: कुणाकडे किती बाकी. भाऊजींनी ती चालू वहीशी ताडून पाहायला घेतली आणि तिसऱ्या पानावर त्यांचा चेहरा बदलला. यादीत अकरा नावं अशी होती जी चालू वहीत नव्हतीच.

भाच्याला वाटलं, पोरांनी भरताना घोटाळा केला. पुन्हा तपासलं. घोटाळा नव्हता. भाऊजी दर लक्ष्मीपूजनाला नवी वही घालत आणि मागील बाकी पुढं ओढत. ओढताना दरसाल एखाददुसरं नाव ते ओढत नसत. बस्, एवढंच. कुणाचा बैल गेलेला, कुणाच्या पोरीचं दुखणं, कुणाचं पीक पावसानं उभ्याउभी कुजलेलं. जुनी वही माळ्यावर जाई आणि तिच्याबरोबर ते नावही. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण ताईला याचा पत्ता नव्हता. आणि बियाण्याच्या पिशवीमागं पाच रुपये जास्त लावतात म्हणून मी या माणसाची मनातल्या मनात टवाळी करत आलो होतो.

"बाबा, तुम्ही माफ केलंत?" भाच्यानं विचारलं.

"माफ कोन करते? देव करते. म्या निस्तं लिवलं नाही."

"पण मग लिहू या. माफ, अशी एक नोंद. तारीख, रक्कम, कारण."

भाऊजी एवढे भडकलेले मी पाहिले नव्हते. "कारन? काय लिवू कारन? गरीब होता असं लिवू? अन् थे सात वर्सांनी कोनी वाचन. त्याचं पोरगं वाचन!"

आता सांगा, कोण बरोबर? मी माडीवरच्या खाटेवर रात्रभर कूस बदलत होतो. लिहून ठेवलेली माफी ही माफी राहते की उपकार होते? जो माफ करतो त्याच्या वहीत ती जन्मभर शाबूत, म्हणजे कर्जाच्या जागी ऋण आलं. फक्त व्याज मिटलं. सरकारनं २०१७ साली आणि पुन्हा २०१९ साली कर्जमाफी दिली, तेव्हाही ती एका महापुरुषाच्या नावाची योजना म्हणून आली, याद्या लागल्या, प्रमाणपत्रं दिली, फोटो निघाले. सरकारला ते करावंच लागतं. जनतेचा पैसा गुपचूप विसरायचा सरकारला अधिकार नाही. पण एका दुकानदाराला आपला स्वतःचा पैसा विसरायचा अधिकार आहे की नाही? खोडायची सोयच नसलेला गाभारा भाच्यानं बांधला, तर त्या अधिकारानं बसायचं कुठं?

वहीच्या या न विसरण्याला माणसं किती भितात हे आपल्या इतिहासानं पाहिलेलं आहे. १८७५ साली मे महिन्यात पुणे जिल्ह्यातल्या सुपे गावी शेतकरी सावकारांवर चालून गेले, आणि पुणे-नगर भागात ते लोण पसरलं. त्यांचा राग मुख्यतः कागदांवर होता. रोखे आणि वह्या बाहेर काढून त्यांची होळी केली. सरकारनं आयोग नेमला आणि १८७९ साली दख्खनच्या शेतकऱ्यांना दिलासा देणारा कायदा केला. पण त्या होळीतली एक गोष्ट विसरून चालणार नाही: शेतकऱ्यांची तक्रार वही फार नीट लक्षात ठेवते एवढीच नव्हती. दिलेले पैसे जमा न करणं, न घेतलेलं नावे टाकणं, हीसुद्धा होती. म्हणजे सावकाराची वही सोयीनं विसरायचीही. विसरण्याचा अधिकार ज्याच्या हातात लेखणी त्यालाच मिळतो, आणि प्रत्येक लेखणीवाला आमच्या भाऊजींसारखा नसतो.

फार कशाला, खुद्द भाऊजींच्याच वहीनं सकाळी हा मुद्दा सिद्ध केला. भाच्यानं यादी उलट बाजूनं लावली, तर दोन नावं अशी निघाली की ज्यांचे पैसे दुकानाकडे निघत होते. एकाचे सहाशे, आगाऊ दिलेले, चार वर्षांपूर्वीच्या वहीतून पुढं ओढायचे राहून गेलेले. ही काही दया नव्हे. भाऊजी चहा अर्धा टाकून उठले, सहाशे रुपये खिशात घातले आणि त्या माणसाच्या घरी देऊन आले. परत आल्यावर भाच्याच्या यंत्राकडं पहिल्यांदाच जरा आदरानं पाहिलं.

पण अकरा नावांचं काय? भाच्यानं दोन तास डोकं खाजवून एक तोड काढली. गाभारा बाकी मोजतो ती आरंभीच्या आकड्यापासून. तो आरंभीचा आकडा गाभारा ठरवू शकत नाही; तो बाहेरूनच यावा लागतो. तेव्हा जुन्या वह्या बाजूला ठेवायच्या, हिशेब या पाडव्यापासून धरायचा, आणि प्रत्येकाची आरंभीची बाकी बाबा सांगतील ती. अकरा जणांची शून्य. कारण लिहायचा प्रश्नच नाही. शून्याला कोण कारण विचारतो? मला ही युक्ती फार आवडली. गणिताला कुठून सुरुवात करायची हे गणित सांगत नाही, ते मोजणाऱ्या माणसानंच ठरवायचं असतं, आणि कसोशीनं बांधलेल्या गाभाऱ्यालाही एवढी एक खिडकी ठेवावीच लागते.

आम्ही तिघे आपापल्या शहाणपणावर खूश होऊन बसलो असताना ताई अनारशांचं ताट घेऊन वर आली. यादी तिनं वाचली. सातव्या नावावर बोट ठेवून ती म्हणाली, "ही का?"

गावातलीच एक बाई. नवरा गेला त्या सालचं बियाणं आणि खत. अठरा हजार चारशे. भाऊजी म्हणाले, "तिले म्या मागतलेच नाही कधी."

"तुमी नाही मागतले," ताई म्हणाली, "पण तिले कोनं सांगतलं? थे तीन वर्सांपासून या सडकेनं येत नाही. मागच्या गल्लीनं जाते, फिरून. बियानं मंगरूळहून आनते, गाडीभाडं देऊन. हळदीकुंकवाले बलावलं तं ताप आला म्हने."

भाऊजी काही बोलले नाहीत. भाचाही नाही. तीन वर्षांपूर्वी एका माणसाच्या मनात झालेला निर्णय, अगदी निर्मळ, आणि बाहेर कुणाला त्याचा वाराही लागला नव्हता. भाऊजींच्या बाजूनं कर्ज मिटलं होतं. त्या बाईच्या बाजूनं ते रोज मागच्या गल्लीनं चालत होतं. परिणाम नसलेल्या शुद्ध फंक्शनाची थट्टा मी चार दिवस करत होतो. त्याचं हे उदाहरण माझ्याच मेव्हण्याच्या घरात निघेल असं वाटलं नव्हतं.

मग भाच्यानं पुन्हा लॅपटॉप उघडला. शून्यानं भागणार नव्हतं. नोंद करावी लागणार, म्हणजे ती कुणापर्यंत तरी पोचेल. वाद आता नावावर आला. गाभाऱ्यात प्रत्येक नोंदीला प्रकार लागतो: उधार, जमा, माल परत. या नव्या प्रकाराला म्हणायचं काय? 'माफ' भाऊजींना नको. 'सूट' म्हटलं तर बाकीचे गिऱ्हाईक मागतील. 'बुडीत' म्हटलं तर ते त्या बाईला बुडवल्यासारखं, आणि शिवाय तो शब्द हिशेब तपासनिसांचा, त्यांना काय वाटेल कोण जाणे. मी 'निर्लेखित' सुचवला. सरकारी छापाचा, चांगला भारदस्त. त्याच्याकडं कुणी लक्ष दिलं नाही. शेवटी भाऊजीच म्हणाले, "मिटलं असं लिव." प्रकार ठरला: मिटलं. कारणाचा रकाना ठेवला नाही. कारण मागणारी अटच भाच्यानं काढून टाकली, आणि तसं करताना दुसऱ्या कशाला धक्का लागला नाही हे मला मुद्दाम दाखवलं. गाभारा शुद्ध असल्याचा हा फायदा म्हणे. असेल.

एसेमेसचा प्रश्न उरला. कवच प्रत्येक नोंदीनंतर गिऱ्हाइकाला आपोआप एसेमेस धाडतं: 'आपल्या खात्यात अमुक रुपये जमा, बाकी अमुक.' मिटलं या नोंदीला कोणता मजकूर पाठवायचा? भाच्यानं दोन-तीन मसुदे वाचून दाखवले. तिसरा तर आदरपूर्वक आणि अंकगणितदृष्ट्या अगदी निर्दोष होता.

"फोनवर नोको," ताई म्हणाली. "म्या जातो."

भाच्यानं कवचात तशी दुरुस्ती केली. मी मागून वाकून पाहत होतो. नोंद उधार असेल तर एसेमेस, जमा असेल तर एसेमेस, माल परत असेल तर एसेमेस. मिटलं असेल तर त्यापुढं त्यानं, यंत्र वाचत नाही अशा जागी, मराठीत लिहिलं होतं: आई सांगेल. तेवढ्यात खालून ताईचा आवाज आला, अनारसे डब्यात भरायला मोठा डबा कुठं आहे, म्हणून. तो डबा दोन दिवसांपूर्वी चिवड्यासाठी मीच माडीवर आणला होता, तो रिकामा करून मी खाली घेऊन गेलो.